पोटातलं पाणी

धनजचा जानराव पाणाड्या होता. म्हणजे तळहातावर नारळ आडवा ठेवून लोकांच्या वावरात फिरायचं, नारळ उभा राहिला की टाच आपटायची, "हाणा इथं बोर!" दहातल्या सात बोरी कोरड्या गेल्या, पण गडी कधी हरला नाही. "पाणी होतं, तुमीच उशीर केला. सरकलं ते." घ्या, बोला आता!

त्याची नात वैभवी चार वर्षांची, अन् तिला सिकलसेल. थंडी पडली की हातपाय असे ठणकायचे की पोर घर डोक्यावर घ्यायची. आई ज्योत्स्ना शेकत बसायची, बाप विकास तिला घेऊन कारंज्याच्या दवाखान्यात पळायचा, अन् जानरावच्या पोटातलं पाणी हलायचं नाही. निदान त्यानं केव्हाच करून टाकलं होतं, "सूनबाईच्या माहेरचं रक्तच खराब. मानोऱ्याहून आणलं हे दुखणं."

ज्योत्स्नाला पुन्हा दिवस गेले. हेही लेकरू तसंच निघालं तर? या एका धास्तीनं तिचं अन्न तुटलं. नागपूरच्या डॉक्टरीणबाईंनी चौथ्या महिन्यात गर्भजल तपासायला बोलावलं. विकासनं घरी येऊन सांगितलं, "पोटातल्या पाण्याची तपासनी हाय." अन् तिथंच घोटाळा झाला. पाणी म्हटल्यावर जानराव गप बसतो होय?

"पाणी पाहाले नागपूर कायले? मी मेलो का?"

त्यानं सुनेला खाटेवर बसवलं, नारळ हातावर घेतला अन् तिच्याभोवती तीन चकरा मारल्या. नारळ उभा राहिला. राहणारच, हात त्याचाच होता. "पोट्टा हाय! पाणी एकदम गोड!" संध्याकाळी पारावर पेढे वाटून मोकळा. सून काळजीनं वाळत चाललेली, अन् हा पेढे वाटतो! लाज कशी वाटली नाही, देव जाणे.

नागपूरला तोही गेला, घरातला वडीलधारा म्हणून. सुईनं काढलेलं पिचकारीभर पाणी पाहून हसला, "एवढुशात काय समजते?"

रिपोर्ट घ्यायलाही आलाच. बाईंनी कागद उघडला तसं ज्योत्स्नानं विकासचं मनगट घट्ट धरलं.

"बाळाला सिकलसेल नाही."

ज्योत्स्ना तिथंच ओक्साबोक्शी रडली. जानराव पुढे सरकला. "ते जाऊ द्या बाई. पोट्टा हाय ना?"

"ते विचारणंही गुन्हा आहे अन् सांगणंही, काका." बाईंनी गावच्या शिबिरात घेतलेल्या घरभराच्या रक्ताचे कागद पुढे ओढले. "विकासच्या आईच्या रक्तात काही नाही. विकासला हे तुमच्याकडून आलंय. वैभवीच्या दुखण्यात अर्धा वाटा तिच्या आईकडचा, अर्धा तुमच्याकडचा."

"मशीन चुकली असन," जानराव पुटपुटला.

ज्योत्स्नानं पदरानं तोंड पुसलं. सासऱ्यापुढे तिनं आजवर आवाज काढला नव्हता.

"मामाजी, लोकायच्या जमिनीत काय हाय ते तुमी सांगत फिरता. चार वर्सं झाले, लेकरू घरात रडून राह्यलं. एकदा तरी तिले इचारलं का, बाई, कुठं दुखते?"

जानरावनं आठवून पाहिलं. एकदाही नाही.