कडवं लिहून घेणारे सर

“गाणं मंग. पह्यले सांगा, समोर कोन बसलं होतं?”

जलशाबद्दल कुणी बोलायला लागलं की आमच्या सरांचा हा पहिला प्रश्न. घाटंजीच्या कॉलेजात ते मराठीचे प्राध्यापक, मी ग्रंथपाल. जलसे आणि गावचं राजकारण हा त्यांच्या पीएचडीचा विषय. लग्नात बँडवाल्यालाही ते हेच विचारायचे आणि बायको उठून दुसऱ्या पंगतीत जाऊन बसायची. असा विषयाने झपाटलेला माणूस तुमच्याही ओळखीत असेल. त्याचा वैतागही येतो आणि तो नसला की करमतही नाही.

सरांचा सगळा जीव एका म्हाताऱ्या शाहिरावर. त्यांना सगळे बाबा म्हणत. बाबांच्या जलशाची एक रीत होती. शेवटचं कडवं त्या त्या गावच्या पुढाऱ्यावर, तिथल्या तिथं रचायचं. पुढारी समोरच बसून हसायचा. पण ते कडवं पुन्हा कुठं म्हणायचं नाही, लिहायचं तर नाहीच.

सरांनी लिहिलं. बोरी अरबकडच्या एका गावचं कडवं मोबाइलवर टिपलं आणि गावाच्या नावासकट कॉलेजच्या वार्षिकांकात छापलं. प्रुफं मीच तपासली होती, मलाही काही खटकलं नाही. कुणीतरी त्या पानाचा फोटो व्हॉट्सअॅपवर फिरवला. ऐकताना हसलेला पुढारी वाचून बिथरला. आसपासच्या गावांतून बाबांना बोलावणं बंद झालं.

बाबा लायब्ररीत आले. ओरडले असते तर बरं झालं असतं.

“सर, काहून लिवलं? आमी तं थे तिथंच सोडून येत होतो.”

“बाबा, मले वाटलं, तुमच्या मांगंही हे राह्यलं पाहिजे.”

“आता मी हाव, अन् जलसा नाही राह्यला.”

सरांनी प्रबंधातून बाबांच्या कडव्यांवरचं प्रकरण काढलं. मग प्रबंधात उरलं काय, असं मार्गदर्शकांनी विचारलं, तेव्हा प्रबंधच मागे घेतला. त्याने बाबांची एकही सुपारी परत आली नाही.

यंदा चौदा एप्रिलच्या जयंतीला बाबांच्या स्वतःच्या गावाने जलसा ठेवला. संध्याकाळी मी सरांना गाडीवर घेऊन गेलो. बाबा शेवटच्या कडव्यापाशी आले आणि गर्दीत त्यांना सर दिसले. ढोलकी वाजत राहिली. बाबांनी पाणी मागितलं, घसा खाकरला, शब्द काही निघेना. लोकांना वाटलं, म्हातारा विसरला. सरांनी मोबाइल घरीच ठेवला होता. ते मला माहीत होतं, बाबांना नव्हतं.

सर उठले. चपला हातात घेऊन, लोकांतून वाट काढत मांडवाबाहेर गेले. ते दिसेनासे झाल्यावर बाबांनी कडवं म्हटलं. सगळं गाव हसलं, मीही हसलो.

परतताना सरांनी मला ते कडवं विचारलं नाही. मला ते पाठ झालं होतं.