काका, घोडा आणि आईचं बोट

माझ्या आईनं ज्यांच्यावर रिव्हॉल्व्हर रोखलं होतं, ते माझे काका आज सकाळी गेले.

मंद्रूपजवळची आमची वस्ती. बहात्तरच्या दुष्काळानंतरची वर्षं. वडील अचानक गेले, आणि मागं आई, मी, शेत आणि आजोबांच्या काळातलं एक जुनं विलायती रिव्हॉल्व्हर राहिलं.

आडरानातली वस्ती. लायसन आईच्या नावावर झालं. चालवायला शिकवलं धाकट्या काकांनी.

पहिल्या दिवशी त्यांनी गोळी झाडूच दिली नाही. आधी रिकामं करून दाखवलं. मग भिंगातून नळीवरचे पुसट आकडे वाचायला लावले.

"वैनी, काडतूस आत बसलं म्हंजी ते ह्याचंच, आसं न्हाय. आकडा जुळाया पायजे."

मग विहिरीच्या मागच्या मातीच्या ढिगावर नेम.

नुसता चाप ओढला तरी गोळी सुटायची, पण तो ओढायला लई जड. आईची बोटं दुखायची. आधी अंगठ्यानं घोडा मागं ओढून ठेवला, की तोच चाप एकदम हलका.

"घोडा चढला की बोट भाईर. नुसता धक्का लागला तरी सुटंल."

झाडून झालं की गजाला चिंधी गुंडाळून नळी साफ करायची, तेलाचा हात फिरवायचा. दोघं ओट्यावर बसून करायचे.

मग काकांच्या धंद्यात खोट आली. दारू सुरू झाली.

एका दुपारी ते एका गिऱ्हाइकाला घेऊन आले. आमचं शेत दाखवायला. आईला न विचारता.

आई आत गेली आणि रिव्हॉल्व्हर घेऊनच बाहेर आली.

"बरब्याड, भावजी! पुढं येऊ नका!"

आई चिडली की कन्नड यायचं तिच्या तोंडात. घोडा चढलेला. बोट चापावर.

गिऱ्हाईक पळालं. मी दारात थिजून उभी.

काका जागचे हलले नाहीत. हात जोडले नाहीत, ओरडलेही नाहीत. शिकवताना बोलायचे तसंच, हळू बोलले.

"वैनी, बोट भाईर काढा... हां. आता नळी मातीकडं. आंगठा घोड्यावर घट्ट दाबा. आता चाप दाबा, आन् घोडा सावकाश, लई सावकाश खाली सोडा. बोट काढा."

आईनं तसंच केलं.

"आता काडतुसं काढा."

काडतुसं मातीत पडली. आई खाली बसली. काकाही तिथंच बसले आणि ढसाढसा रडले.

"चुकलं वैनी. शेत तुमचंच हाय."

त्यानंतर शेताचा विषय त्यांनी कधी काढला नाही. दारू सुटायला मात्र बरीच वर्षं गेली. आईला त्यांच्याशी बोलायलाही वेळ लागला. पुढं माझ्या लग्नात कन्यादान तिनं त्यांनाच करायला लावलं.

आई गेल्यावर रिव्हॉल्व्हर पोलीस ठाण्यात जमा करायला आम्ही दोघं गेलो. परत येताना मी विचारलं, "काका, त्या दिवशी भीती नाही वाटली?"

"वाटली की. लई वाटली."

थोडं चालून म्हणाले, "पन गोळी सुटली आसती तर मी मेलो आसतो, वैनी जेलात गेली आसती. तुला कुनी सांबाळलं आसतं गं?"

काका, सुखानं जा.
तुमच्या पोरीचा शेवटचा नमस्कार.