मार्लिस टॉलेफसन कार्ड निवडते

मार्लिस टॉलेफसनने अमेरिकेच्या उत्तर टोकाच्या थंडगार मायनट गावात एकतीस वर्षं घरोघर टपाल वाटलं, आणि त्यात निम्मी पाकिटं क्रेडिट कार्डांचीच असायची. ‘तुमची निवड झाली आहे’ असं वर लाल अक्षरांत लिहिलेलं. तिचा नवरा व्हर्लिन गेला, त्यानंतर चौथ्या वर्षी त्याच्याही नावाने असं एक पाकीट आलं. ते तिने स्वतःच्या हाताने स्वतःच्या पेटीत टाकलं आणि मग उघडून वाचलं. मेलेल्या माणसाला उधार द्यायला निघालेत, तर जिवंत माणसाचं काय करतील, असं तिला वाटलं. तिने कधी कार्ड घेतलं नाही.

मग तिच्या मुलीला, कर्स्टनला, दूर दक्षिणेत टुसान शहरात जुळ्या मुली झाल्या आणि मार्लिस वर्षातून तीनदा विमानात बसू लागली. मायनटहून उडणारी विमान कंपनी एकच, निळ्या शेपटीची. ऑक्टोबरच्या फेरीत विमान वर गेल्यावर हवाईसुंदरी हातात कागद घेऊन फिरू लागली. कंपनीचं कार्ड घ्या, साठ हजार मैल मिळतील, पहिली बॅग फुकट.

“साठ हजार मैलांत पृथ्वीला दोन फेऱ्या होतात,” मार्लिस म्हणाली. “मला त्यात टुसान किती वेळा?”

“साधारण दोनदा, मॅडम.”

“मग त्याला मैल का म्हणता?”

ती पोरगी हसली आणि पुढच्या रांगेकडे वळली. मार्लिसने कागद पर्समध्ये ठेवला. बॅगचं तिला पटलं होतं. दर खेपेला ती लेफ्सांच्या, म्हणजे बटाट्याच्या पातळ पोळ्यांच्या, चवडी आणि जॅमच्या बाटल्या न्यायची, आणि बॅगेचे पैसे भरताना तिचा जीव खालीवर व्हायचा.

रविवारी चर्चच्या तळघरात कॉफी पिताना तिने तो कागद ड्वेन हाउगेनला दाखवला. ड्वेन तिचा शाळेपासूनचा सोबती. त्याने आयुष्यभर ट्रॅक्टर दुरुस्त केले, आणि बायको गेल्यापासून तो एकटाच होता.

“हे घेऊ नकोस,” तो लगेच म्हणाला. “बँकेचं साधं प्रवासाचं कार्ड घे, माझ्यासारखं. त्याचे पॉइंट कुठल्याही विमानाला चालतात. मी तुला लिंक पाठवतो, तिथूनच भर हं.”

‘तिथूनच’ हा शब्द मार्लिसच्या कानात अडकला. घरी जाऊन तिने बँकेच्या पानावरची बारीक अक्षरं भिंग लावून वाचली. सोळाव्या कलमात सापडलं. ज्याच्या लिंकवरून नवा माणूस येईल, त्याला पंधरा हजार पॉइंट.

पुढच्या रविवारी ड्वेनने तिच्यासाठी खुर्ची ओढली. ती उभीच राहिली.

“माझ्यावर तुला किती सुटतात रे, ड्वेन?”

तो कानापर्यंत लाल झाला. “अगं, ते... सगळेच देतात तसं.”

“सगळ्यांचं मी विचारलंच नाही.”

त्यानंतर ती तीन रविवार दुसऱ्या टेबलावर बसली. ड्वेन स्वतःच्या फायद्यासाठीच बोलला असेल, तर निळी शेपटीच बरी, असंही तिच्या मनात आलं. पण ती कंपनी तरी एवढी उदार का झाली होती? मग ती मुद्दाम विमानतळावर गेली. काउंटरवर बेव्ह होती. तिच्या घरी मार्लिसने अकरा वर्षं टपाल टाकलं होतं. तीन खिडक्यांपैकी दोन बंद होत्या. भिंतीवर जानेवारीचं वेळापत्रक लागलं होतं, त्यात सकाळचं विमानच नव्हतं.

“बेव्ह, तुमची कंपनी इथे राहणार ना?”

“मला कोण सांगतंय, मार्लिस? तुम्ही कार्डाचा फॉर्म भरलात की नाही?”

“भरू का?”

बेव्हने मागे वळून पाहिलं. “आम्ही घर विकायला काढलंय,” ती हळूच म्हणाली, आणि बॅगांच्या चिठ्ठ्या नीट लावू लागली.

मार्लिसला तेवढं पुरलं. कंपनीच गावातून गेली, तर तिचे मैल घेऊन बसायचं कुठे? त्याच संध्याकाळी ती ड्वेनच्या दारात जाऊन उभी राहिली.

“तुला काय मिळणार, ते तोंडाने सांग.”

“पंधरा हजार पॉइंट,” तो म्हणाला. “आधीच सांगायला हवं होतं. लाज वाटली.”

“कुठे जायचंय तुला त्यांच्यावर?”

“अजून ठरलं नाही.”

हे उत्तर तिला अर्धवट वाटलं, पण तिने त्याच्याच स्वयंपाकघरात बसून त्याच्याच लिंकवरून अर्ज भरला. प्रत्येक ओळ दोनदा वाचली. जन्मतारीख लिहिताना त्याला खिडकीकडे तोंड करायला लावलं.

मार्चमध्ये निळी शेपटी मायनट सोडून गेली. चर्चमधल्या दोघी-तिघींकडे तिचे मैल पडून राहिले. ते वापरायचे तर आता फार्गोपर्यंत, साडेचार तास गाडी हाकावी लागणार होती. मार्लिसने आपल्या पॉइंटांवर दुसऱ्याच कंपनीचं, बिस्मार्कहून सुटणारं तिकीट काढलं. कर्स्टनशी बोलतानाही ती म्हणाली, “विमानात बसेपर्यंत हे फुकटचं तिकीट मी खरं मानणार नाही.”

बिस्मार्कपर्यंत ड्वेनने तिला सोडलं. दोन तास तो हवामानाबद्दलच बोलत होता. मग त्याने गाडी दारापाशी न थांबवता आठवडाभर गाड्या ठेवायच्या पार्किंगमध्ये लावली आणि मागच्या सीटवरून एक छोटी बॅग काढली.

मार्लिसने त्या बॅगेकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. “टुसानमध्ये तुझं कोण आहे?”

“कुणी नाही. तिथे ऊन आहे म्हणतात.”

“कर्स्टनला ठाऊक आहे?”

“तिनेच बोलावलं. ते पंधरा हजार पॉइंट या तिकिटातच गेले. तुला सांगू नका म्हणाली, तू नाही म्हणशील म्हणून.”

मार्लिसने लेफ्सांची जड बॅग त्याच्या हातात दिली, आणि त्याची छोटी स्वतः उचलली.

“तुझी जागा कितवी?” तिने विचारलं.

“चौदा बी.”

तिची चौदा ए होती.

“अच्छा,” ती म्हणाली, आणि दाराकडे चालू लागली.