जोंधळ्यात शिरलेलं सैन्य

सोलापूर स्टेशनवर दिल्लीची गाडी लागली, तेव्हा अण्णांनी माझ्या ट्रंकेचं कुलूप तिसऱ्यांदा ओढून पाहिलं. आईनं खिडकीतून धपाट्यांचा डबा आत दिला. गाडी हलता हलता अण्णा म्हणाले, "एक वर्ष देतो. जमलं नाही तर परत ये, कॉम्प्युटरच्या क्लासला नाव घालू."

बार्शीत तेव्हा गल्लोगल्ली कॉम्प्युटर क्लास निघाले होते. बारावीला बरे मार्क मिळालेली मुलगी बी.ए.ला जाते, तेही इतिहासाला, तेही दिल्लीला, म्हणजे एकतर मुलीचं डोकं फिरलंय नाहीतर बापाचं, असं लोक म्हणत. बापाचं थोडं फिरलंच होतं. माझे वडील भूमी अभिलेख कार्यालयात कारकून होते आणि मोडी वाचत. लोक जुने कागद घेऊन घरी येत, अण्णा वाचत, मी शेजारी बसून ऐके. नाद त्यांनीच लावला, मग निस्तरणंही त्यांच्याच वाट्याला आलं.

दिल्लीत सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये मावशीकडे राहिले. मावशीचं वाक्य मराठीत सुरू होऊन "अच्छा, चलो"वर संपायचं. बाहेर बाजारात एक्स्पोर्टच्या जीन्सचे ढीग लागलेले, घरी टीव्हीवर रोज एक नवं चॅनेल, आणि काकांनी फ्लॅट बुक केलेल्या, दिल्लीच्या टोकाच्या द्वारकेत तेव्हा नुसती वाळू आणि क्रेन. सगळ्या शहराला पुढं पळायची घाई होती, मी एकटीच अठराव्या शतकात.

पहिल्याच ट्यूटोरियलचा विषय निघाला उत्तरेतले मराठे. मला स्वर्ग दोन बोटं उरला! रात्रंदिवस खपून आठ पानं लिहिली. मॅडमनी कागद परत दिला, तर त्यावर लाल गोलच गोल. चूक इंग्रजीची असेल असं वाटलं. पण गोल प्रत्येक वेळी एकाच शब्दाभोवती होता. मी सगळीकडे 'अवर आर्मी' लिहिलं होतं.

"ये 'अवर' कौन है, बेटा?" मॅडमनी विचारलं. "मेरे नाना मथुरा के थे. उनके यहाँ तो ये फ़ौज बाहर से आई थी."

वर्ग हसला. मला राग आला आणि रडूही आलं. लहानपणापासून शाळेत 'आपलं सैन्य' असंच तर शिकले होते, ते एकाएकी कुणाचं झालं? माझं इथं काही खरं नाही, असं वाटलं. अण्णांना पत्र टाकलं, मी परत येते, क्लासला नाव घाला.

उत्तरात एका मोडी कागदाची नक्कल आली. ओळखीच्या पाटलांच्या घरातला कागद, त्यांना विचारूनच उतरवलेला. आपल्याच लष्कराचा तळ गावाजवळ पडला, घोडे उभ्या जोंधळ्यात शिरले, गावाच्या हाती कडबासुद्धा लागला नाही, अशी पाटलाची तक्रार होती. खाली अण्णांनी लिहिलं होतं, "तुझ्या मॅडमचं बरोबर आहे. सैन्य कुणाचं, ते या पाटलाला विचार आणि मग लिही. क्लासवाल्यांशी मी काही बोललेलो नाही."

मी ट्यूटोरियल पुन्हा लिहिलं, जोंधळ्यापासून सुरुवात करून. मॅडमनी ते वर्गात वाचून दाखवलं. मोडी वाचता येणारी त्या वर्गात मी एकटीच होते, आणि हे सांगताना मी आजही जराही विनय दाखवत नाही. वर्षाअखेर फर्स्ट क्लास आला. एसटीडी बूथवरून घरी कळवलं, तर पलीकडून अण्णा एवढंच म्हणाले, "मग राहा तिथंच." ते ऐकायलाच मी वर्षभर झटले होते आणि ऐकलं तेव्हा बूथमध्ये ढसाढसा रडले. परत यायची वाट त्या शब्दानं संपली, हे माझ्याआधी त्यांना कळलं असावं.

बार्शीतल्या माझ्या मैत्रिणींनो, आणि गाव सोडून माझ्यासारख्या कुठंकुठं पांगलेल्यांनो, आता मी द्वारकेत राहते आणि कॉलेजात इतिहास शिकवते. माझी मुलगी जोंधळा म्हणजे काय ते विचारते. तुमच्याकडे आले की दोन दिवसांत मला 'दिल्लीवाली' म्हणतात, इथं वीस वर्षांनंतरही मी 'महाराष्ट्रवाली'. घर कुठलं, याचं सरळ उत्तर मला बरीच वर्षं देता येत नव्हतं.

मागच्या हिवाळ्यात अण्णा माझं लेक्चर ऐकायला आले. स्वेटरवर स्वेटर, डोक्याला मफलर. कॉलेजच्या गेटवर गार्डनं अडवून विचारलं, "आप कौन?" त्यांना सांगायचं होतं की मी मॅडमच्या घरचा. पण हिंदी जुळवताना गडबडले आणि छाती काढून म्हणाले, "मैं मॅडम का घर है."

गार्ड हसून माझ्याकडे बघायला लागला. मी म्हटलं, "बिल्कुल सही. अंदर आने दो."