नागलीचं बिस्किट

आमच्या फूड टेक्नॉलॉजीच्या लॅबमधले शिपाईमामा सुरगाण्याकडचे. कुणीही काहीही बनवलं की चव बघायला त्यांनाच बोलवायचं. मामा टोपी काढणार, चूळ भरणार, डोळे मिटून चावणार आणि नऊपैकी सात मार्क लिहिणार. सगळ्यांना सातच.

माझं नागलीचं, म्हणजे नाचणीचं, बिस्किट मात्र त्यांनी आधी टेबलावर वाजवून बघितलं.

"पोरा, तू खाल्लं का?"

मी त्याचा ओलावा मोजला होता, कडकपणा मोजला होता, रंगावर तर चार पानं लिहिली होती. खायचं तेवढं राहिलं होतं.

त्यांनी अर्धं तोडून दिलं. कसंबसं गिळून मी दोन मार्क लिहिले. मामांनी शेजारी सात लिहिले आणि उरलेलं अर्धं पाण्याबरोबर संपवलं.

"नागली चांगली हाय," म्हणाले.