निर्माल्याची बादली

परदेशातल्या सेंगकांगच्या त्या ब्लॉकमधल्या मराठी घरांचं निर्माल्य नंदाताईंच्या दारात यायचं. देवाची फुलं लिफ्टजवळ भिंतीतून थेट खाली जाणाऱ्या कचऱ्याच्या चुटमध्ये ढकलायला कोणाचा हात धजत नसे, आणि कालव्यात सोडावीत तर दंड. नंदाताईंचे यजमान निशिकांत रॅफल्स प्लेसच्या बँकेत नोकरीला, तेव्हा कायद्यात अडकायची तर त्यांना फार धास्ती. म्हणून ताईंनीच वाट काढली होती. कॉरिडॉरमध्ये, चपलांपासून लांब, एक निळी बादली. फुलं आधी पाण्यात, कारण पाण्याला लागल्याशिवाय विसर्जन कसलं? चांगली भिजली की काढून कुंडीतल्या मातीत. त्या मातीतली तुळस बघायला खालच्या मजल्यावरच्या चिनी बायकासुद्धा यायच्या.

समोरच्या दारातली विनीता रोज सकाळी ओंजळभर फुलं घेऊन यायची. कोल्हापूरची पोर, लग्न होऊन थेट इथेच आलेली. ताईंमध्ये तिला आई सापडली होती म्हटलं तरी चालेल. तिचा नवरा प्रबोध ऑफिसला निघताना बुटाची नाडी बांधता बांधता चिडवायचा, "काकू, पुण्य बरंच साठलं दिसतंय बादलीत. आम्हाला एक तांब्या द्या की!"

"आधी अंघोळ करून देवापुढे उभा राहत जा, मग देते," ताई म्हणायच्या.

ते साल दोन हजार तेरा. डेंग्यूची साथ होती. ब्लॉकखाली धोक्याचा लाल फलक लागला आणि तपासणीवाले घरोघर येऊ लागले. ते आपल्या मजल्यावर आल्याचं कळताच ताईंनी बादली उचलून स्वयंपाकघरात, देव्हाऱ्याच्या खाली नेऊन ठेवली. बुटांनिशी आलेली माणसं निर्माल्यात टॉर्च घालून ढवळणार, हे त्यांना बघवलं नसतं. "साठलेलं पाणी आहे का कुठे?" असं विचारल्यावर त्या सरळ नाही म्हणाल्या. आपण खोटं बोललो असं त्यांच्या मनातही आलं नाही. साठलेलं पाणी म्हणजे कुंडीखालच्या ताटलीतलं. हे विसर्जनाचं पाणी.

त्या पाण्यात कधी कधी बारीक काही वळवळायचं. चातुर्मास चालू होता, आणि चातुर्मासात ताई मुंगीसुद्धा मारत नसत. फुलं काढताना त्या तळचं पाणी तसंच ठेवायच्या, वर नवं ओतायच्या. असू देत बिचारे जीव.

गणपती झाले. पुन्हा कॉरिडॉरमध्ये ठेवलेली बादली दूर्वा-जास्वंदीने भरून गेली. आणि गौरी-विसर्जनानंतर प्रबोधला ताप भरला. डेंग्यूच निघाला. नोव्हेनाच्या हॉस्पिटलमध्ये त्याला ठेवलं तेव्हा तो चालत गेला होता. पण प्लेटलेट उतरत गेल्या, हिरड्यांतून रक्त यायला लागलं, आणि त्याला आयसीयूत हलवलं. ताई रोज विनीतासाठी मऊ भाताचा डबा न्यायच्या, बाकावर तिच्या शेजारी बसून जप करायच्या.

नेमका त्याच आठवड्यात अनुयाच्या युनिव्हर्सिटीत हवामानबदल सप्ताह होता. अनुया म्हणजे ताईंची लेक. तिनेच तिथल्या प्रात्यक्षिकासाठी आईचं नाव दिलं होतं, 'घरच्या घरी निर्माल्याचं खत'. पोस्टरवर तुळशीसह आईचा फोटो.

"प्रबोध तिकडे तसा पडलाय, आणि मी मिरवायला जाऊ?" ताई म्हणाल्या.

"आई, तास दोन तासच आहे लाह. सगळे वाट बघतायत," अनुया इथल्या मुलांसारखं 'लाह' लावत म्हणाली.

शेवटी विनीतानेच पाठवलं. "जा काकू. देवाचंच काम आहे ते. एवढंच करा, तिथूनही त्याच्यासाठी देवाकडे मागा."

युनिव्हर्सिटीच्या हिरवळीवर जुन्या शर्टांच्या पताका लावल्या होत्या. खाण्यासाठी सगळ्यांनी घरून ताटल्या आणलेल्या, कागदी काही नाही. ताईंच्या टेबलावर कुंडी, माती, थोडी सुकी फुलं. शेजारच्या टेबलावर चैत्राली नावाची मुलगी होती, मुंबईहून शिकायला आलेली. मराठी ऐकून तिला बरं वाटलं.

"काकू, बघा ना आमचं. गरमी वाढली की डास कसे वाढतात ते दाखवतोय." तिने काचेची बरणी पुढे केली.

ताईंनी चष्मा लावला, वाकल्या. पाण्यात बारीक काही वळवळत होतं.

"हे… यांचे डास होतात?"

"डेंग्यूचे. या अळ्या आहेत त्यांच्या. आता हवा तापतेय ना, तर पूर्वीपेक्षा लवकर उडायला लागतात."

"यांना गटाराचं पाणी लागतं ना?"

"छे! साधं, साठलेलं. बादलीतलंसुद्धा चालतं."

"त्यात फुलं असली तर?"

"मग काय, जेवणच मिळालं त्यांना," चैत्राली हसली.

"आणि लांब जातात का गं उडून?"

"आळशी असतात हो. या घरातून त्या घरात. काकू, बसता का? पाणी देऊ?"

एवढ्यात अनुया माइक घेऊन आली. आई मराठीत सांगणार, ती इंग्रजीत. समोर विद्यार्थी, प्राध्यापक, आसपासची कुटुंबं गोळा झाली. ताई कुंडीला धरून उभ्या राहिल्या.

"फुलं पाण्यात ठेवू नका," त्या म्हणाल्या.

"आई," अनुया हळूच म्हणाली, "ती तर तुझी पहिली स्टेप आहे."

"ठेवू नका म्हणते ना! सांग त्यांना."

अनुयाने सांगितलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. ताईंनी पर्स उचलली आणि त्या चालू लागल्या.

घरी येऊन त्यांनी मोठ्या पातेल्यात पाणी उकळलं. बादली आत आणली. दूर्वांच्या खाली ते होतेच, वर येत होते, खाली जात होते. ताईंनी उकळतं पाणी ओतलं आणि सगळं थांबेपर्यंत बघत राहिल्या. चातुर्मासात. देवाकडे त्यांनी पाहिलं नाही.

मग त्या नोव्हेनाला गेल्या. विनीता त्याच बाकावर होती. तिने ताईंचा हात हातात घेतला. "मागितलंत ना काकू?"

ताईंनी सांगितलं. बादली, वळवळणारे जीव, तपासणीवाल्यांपासून लपवलेलं पाणी, सगळं. डास कुठलाही असू शकतो, फलक तर सगळ्या ब्लॉकला लागलाय, असंही म्हणता आलं असतं. ते त्या म्हणाल्या नाहीत.

विनीताने हात सोडला नाही. सोडला असता तर बरं झालं असतं.

"फुलं माझीही होती त्यात," ती म्हणाली. मग हात काढून घेतला.

प्रबोध पितृपक्षात गेला. विनीताला न्यायला कोल्हापूरहून तिचा भाऊ आला. निघायच्या दिवशी बॅगा कॉरिडॉरमध्ये काढल्या, प्रबोधचा फोटो कपड्यांत गुंडाळायला घेतला, तेव्हा भावाने फोटोवरचा सुकलेला हार काढून हातात धरला. नंदाताई आपल्या दारात उभ्या होत्या.

"अगं, तू फोनवर सांगायचीस ना," तो बहिणीला म्हणाला, "फुलं समोरच्या काकू घेतात म्हणून. त्यांना देऊ का?"

विनीताने नंदाताईंकडे पाहिलं. बोलताना आवाज चढला नव्हता.

"नको. कचऱ्यात टाक."

हार भावाच्या हातातच राहिला. तेव्हा नंदाताई पुढे झाल्या, "द्या, मी टाकते," म्हणाल्या, आणि हार घेऊन लिफ्टकडे गेल्या. चुटची झडप जड होती. त्यांनी ती एका हाताने धरली आणि दुसऱ्या हाताने फुलं आत ढकलली.