खालच्या टाकीचं पाणी

पोराच्या फ्लॅटमध्ये हॉलच्या भिंतीला समुद्र आहे. चार फुटांची काचेची टाकी, खारं पाणी, निळा दिवा. येणारा पाहुणा वरच बघत बसतो. वर नुसती शोभा. खरा संसार खालच्या कपाटात. दार उघडलं की दुसरी टाकी, तिला संप म्हणतात. वरचं घाण पाणी नळीने खाली उतरतं, पांढऱ्या पिशवीतून गाळलं जातं, फेस काढणाऱ्या यंत्रातून जातं, मग पंप त्याला परत वर ढकलतो. खालचं बिघडलं की वरचं आठ दिवसांत मरतं.

हे सगळं माझी बायको बघायची. चौथी शिकलेली, जन्मात मासा तोंडात न घातलेली बाई. पोराने हौसेने टाकी आणली, सहा महिन्यांत हौस फिटली. सून नोकरीला. मग हिने पदर खोचला. दर तीन दिवसांनी पिशवी उलटी करून धुवायची, साबणाशिवाय. फेसाच्या कपात जमलेला काळा सडका रस नाक न मुरडता ओतून यायची. खारटपणा बघायला एक नळी होती, द्राक्षाची गोडी मोजायला व्यापारी गावाकडं आमच्या बागेत आणायचे तसलीच. थेंब टाकायचा, उजेडाकडे धरून डोळा लावायचा. ती महिन्याभरात शिकली.

रोज तीन-चार लिटर पाणी उडून जायचं. तिने खालच्या टाकीच्या काचेवर सुनेच्या नेलपॉलिशने लाल रेघ मारली होती. रोज सकाळी त्या रेघेपर्यंत फिल्टरचं गोडं पाणी ओतायचं. मी तिला म्हणालो, समुद्र आहे ना, मग मिठाचं पाणी ओत.

ती म्हणाली, "आमटी आटली तर वरून परत मीठ टाकता का? पाणी उडतं. मीठ कुठं उडतंय?"

मला पटलं होतं. पण मी तसं म्हणालो नाही. आयुष्यात तिला "तुझं बरोबर आहे" असं मी कधी म्हणालो नाही.

टाकीत एक लाल-पांढरी कोळंबी होती. हिने पाण्यात हात घातला की दगडाआडून यायची, हातावर चढायची आणि नखं कोरत बसायची. ही मला ऐकू जाईल असं तिलाच सांगायची, "बाई गं, एवढ्या वर्षांत माझ्या हाताकडं बघणारी तूच पहिली." मी पेपर वाचत असल्यासारखा बसायचो.

गुडघे टेकून खाली वाकली की तिला दम लागायचा. एकदा मला सांगितलं. मी म्हणालो, मग सोड ते मासे. दवाखान्यात चल असं म्हणालो नाही. महिन्याने ती गेली.

तेरावं झाल्यावर पोरगा म्हणाला, टाकी कुणाला तरी देऊन टाकू. मी म्हणालो, हात लावायचा नाही, मी बघतो. तेवढी एकच गोष्ट मी धरली होती. तिने जगवलेलं माझ्या हातात मरता कामा नये.

पिशवी धुतली, कप धुतला, नळीला डोळा लावला. सगळं तिच्यासारखं. फरक एकच केला. गोडं पाणी ती एका कळकट निळ्या प्लास्टिकच्या कॅनमध्ये भरून ठेवायची. तिच्या वस्तू काढताना तो कॅन मी भंगारात दिला आणि माळ्यावरून तिचा तांब्याचा हंडा खाली घेतला. तिच्या लग्नातला. आमच्यात तांब्याचं पाणी म्हणजे सगळ्यात शुद्ध. म्हटलं, तिचे जीव तिच्याच हंड्यातलं पाणी पितील. चिंच-मीठ लावून असा घासला की तोंड दिसावं. संध्याकाळी भरायचा, सकाळी रेघेपर्यंत ओतायचा.

महिना गेला. आधी गोगलगायी काचेवरून सुटून खाली पडल्या. मग फुलासारखं उघडणारं पोवळं मिटलं ते मिटलंच. मला वाटलं, खालची टाकी घाण झाली असणार, माझ्या हाताला तिच्यासारखी सफाई नाही. मग पिशवी रोज धुवायला लागलो. तळाचा गाळ नळीने ओढून काढला. हंडा आणखी घासला.

एका सकाळी कोळंबी दगडापाशी आडवी दिसली. कोळंबी कात टाकते आणि ती कात हुबेहूब कोळंबीसारखी दिसते, हे हिने मला दाखवलेलं होतं. मला वाटलं, कात असेल. उचलली तर हाताला वजन लागलं.

टाकी बसवून देणाऱ्या दुकानदाराला बोलावलं. त्याने खारटपणा बघितला, पंप बघितला, सगळं ठीक होतं. मग विचारलं, वरून पाणी कुठलं टाकता? मी त्याला स्वयंपाकघरात नेऊन हंडा दाखवला. कौतुकानेच दाखवला. त्याने हंड्यात बोट फिरवून बघितलं.

"काका, तांबं?"

"तिच्या लग्नातलं आहे."

"मासे कसंबसं सोसतात. बाकीच्यांना तांबं म्हणजे विष. त्यात फिल्टरचं पाणी तांबं जास्त ओढतं, आणि हंडा असा घासलेला. रोज थोडं थोडं उतरलं असणार. तुम्हाला कुणी सांगितलं नाही का?"

मला कुणी सांगायला हवं होतं? चाळीस वर्षं दिंडोरीकडच्या द्राक्षबागांत मी बोर्डोचं औषध मारलंय. मोरचूद आणि चुना. मोरचूद म्हणजे तांबंच. प्लास्टिकच्या पिंपात कालवायचं, लोखंडाच्या नाही. मग विळा बुडवून बघायचा. पात्यावर तांबडं चढलं तर अजून चुना टाकायचा, नाहीतर पानं जळतात. वेलीवरची डावणी, म्हणजे बुरशी, मरायची ती त्यानेच. तांबं पाण्यात उतरतं आणि बारीक जीव मारतं, हे शाळा फार न शिकलेल्या माझ्याएवढं नाशकात कुणाला ठाऊक असेल? निळे पडलेले हात धुऊन घरी यायचो आणि याच हंड्यातलं पाणी प्यायचो. दोन्ही एकच, हे डोक्यात आलं नाही. चांगलं करायला गेलो की माझी अक्कल अशीच गहाण पडते.

त्याने तांबं शोषून घ्यायला कोळशाची पिशवी खालच्या टाकीत सोडली, थोडं थोडं करून अर्धं पाणी बदललं. गेलं ते परत आलं नाही. दोन केशरी मासे तेवढे राहिले.

संध्याकाळी पोरगा आल्यावर विचारायला लागला. दुकानदार अजून तिथंच होता. भला माणूस, म्हणाला, पाणी बिघडलं होतं. मी म्हणालो, "बिघडलं नाही. मी मारलं. तुझ्या आईच्या हंड्याने."

पोराने खांद्यावरची बॅग खाली ठेवली. मग म्हणाला, "जाऊ द्या आबा. आईला आता कुठं कळणार आहे."

माझी समजूत काढत होता, हे मला कळत होतं. तरी वाटलं, उठून एक ठेवून द्यावी. तिला सगळं कळायचं. कळायचं नाही ते मला, आणि ते ती बोलून दाखवायची नाही.

आता नवीन कॅन आणलाय, निळाच. दोन माशांना फार काही लागत नाही, तरी पिशवी दर तीन दिवसांनी धुतो. लाल रेघ पुसट झाली, तिच्यावर सुनेची नेलपॉलिशची बाटली मागून परत रेघ ओढली. मला गुडघे टेकून वाकावं लागतं, आणि दम लागतो. कुणाला सांगत नाही.

हंडा पोराने माळ्यावर टाकला होता. मी परत खाली काढला. माझ्या खोलीत असतो, झाकून. रोज त्यातलंच पाणी पितो. मला काही होत नाही.